नांदेड ते लातूर : विमानाने अर्ध्या तासाच्या आत

श्रावणातला दुसरा सोमवार, सकाळ : लातूरला माझी धाकटी बहीण वारली. तोच दिवस, दुपार : मी पोहोचण्यापूर्वी तिची माती झाली. पुढच्या आठवड्यातला बुधवार : माझ्या पहिल्या पत्राला यंत्राने दिलेले उत्तर. जबाबदार व्यक्ती : एक, दोन शहरांमधले हवाई अंतर सांगणाऱ्या संकेतस्थळाचा चालक, दोन, त्यावर विसंबणारे बहिणीचे जावई, तीन, जावयांवर विसंबणारी सगळी भावकी.

बहीण सवाष्ण गेली. अशा बाईच्या अंगावर शेवटची हिरवी साडी माहेरची घालतात, आणि तिचे माहेर म्हणून मी एकटाच उरलो होतो. भाच्याचा फोन आला तेव्हा मी एवढेच म्हणालो, "साडी घेऊन निघालो. थांबा." साडी कोरी, त्याच दिवशी घेतलेली लागते. तेवढ्या सकाळी बाजारात एकही दुकान उघडे नव्हते. एका दुकानदाराला घरी जाऊन उठवले, साडी घेतली आणि बस धरली. अहमदपूरपर्यंत रस्ता जागोजागी खोदलेला. भाच्याला फोन लावत राहिलो. मयताच्या घरचा फोन, सतत व्यस्त.

तिकडे काय घडले ते मला नंतर कळले. मामांना किती वेळ लागेल, असे कोणीतरी विचारले. पुण्यात नोकरी करणाऱ्या जावयांनी मोबाईलवर पाहून सर्वांना वाचून दाखवले : हवाई अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत, उड्डाणाचा वेळ अर्ध्या तासाच्या आत. नांदेडला विमान उतरते हे सर्वांना ठाऊक. लातूरला धावपट्टी आहे, हेही ठाऊक. या दोहोंमध्ये तिकीट काढून बसण्याजोगे एकही विमान नाही, हे त्या पानावर कुठेही लिहिलेले नव्हते.

मी गल्लीत शिरलो तेव्हा माणसे स्मशानातून परतून हातपाय धूत होती. दाजींच्या थोरल्या भावजय ओसरीवरूनच म्हणाल्या,

"आलाव का? अर्ध्या घंट्याचं इमान हाय म्हणं. लई वाट बघितली बाबा तुमची."

"वैनी, असं विमान नाही."

"मोबाईलात हाय की! जावयानं समद्याम्होरं वाचलं. भावाला तिकीट जड झालं म्हना."

"अहो, ते विमान अस्तित्वातच नाही!"

"तुमी कायदा बोलनारी मान्सं. तुमच्या तोंडाला कोन लागावं?"

मी खिशातले बसचे तिकीट पुरावा म्हणून पुढे केले. कोणी हातात घेतले नाही. दाजींनी मान वर केली नाही. माझ्या बहिणीला कोपऱ्यावरच्या दुकानातली साडी घातली गेली होती, सासरच्यांनी आणलेली. माझी पिशवीत घडीवर घडी तशीच. ती कोणाला द्यावी, यासाठी कोणती रीत नाही. मी विचारून पाहिले.

संकेतस्थळाला मी तीन पत्रे पाठवली. तिन्ही वेळा एकच उत्तर आले : आमची सेवा वापरल्याबद्दल आभार, आपला प्रवास सुखाचा होवो. माझ्या वकील मित्राने ग्राहक तक्रारीचा मसुदा वाचून परत केला. "तुम्ही ग्राहक नाहीत. पैसे कुठं दिले? तुम्ही तर ते पान उघडलंही नव्हतं." त्याचे म्हणणे कायद्याने बरोबर आहे.

म्हणून ही जाहीर मागणी. त्या संकेतस्थळाच्या चालकाने स्वतःच्या सहीने, वर्तमानपत्रात, मराठीत उत्तर द्यावे : त्या सोमवारी नांदेडहून लातूरला कोणते विमान गेले, ते किती वाजता सुटले, आणि त्यात मी का नव्हतो? विमान नसेल, तर तेही तितक्याच ठळक अक्षरांत छापावे. बहिणीच्या सासरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात.