आधी पाकीट, मग नोंद

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या घरी भाकरी थापत होते. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. अमरावतीहून शीलावहिनी बोलत होती. "नंदाताई, तुमचे दादा गेले वो..." एवढंच म्हणाली आणि फोन कुणा शेजारणीच्या हातात गेला. तव्यावरची भाकरी करपली, तो वास अजून माझ्या नाकातून जात नाही. दादा खुर्चीत बसून पेपर वाचत होता, चहा मागितला, आणि वहिनी चहा घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मधुकर तायडे, वय सत्तर, विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून निवृत्त. पेपरात दोन ओळी आल्या त्या एवढ्याच. कुणाची गैरसोय न करता जायचं हे त्याच्या स्वभावाला धरूनच झालं, पण मला मात्र त्याचा रागच आला. निदान एकदा फोन तरी करायचास की रे!

आजच्या मुलांना सांगून खरं वाटणार नाही, पण एकेकाळी आम्हा वऱ्हाडातल्या पोरांचं सगळं नशीब नागपूरच्या विद्यापीठात असायचं. गुणपत्रिकेत चूक झाली, चला नागपूर. पदवी पाहिजे, चला नागपूर. आमचा बाप जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. धम्म स्वीकारलेल्या पिढीतला माणूस, पोरांना शिकवायचंच हे एकच वेड डोक्यात. दादाच्या बी. कॉम.च्या गुणपत्रिकेसाठी तो मजुरी पाडून त्याच्यासोबत नागपूरला गेला आणि तीन खिडक्या फिरून, दिवसभर विद्यापीठाच्या पायऱ्यांवर बसून दोघं संध्याकाळी रिकाम्या हातानं परत आले. बापाचं ते पायऱ्यांवर बसणं दादाच्या मनात कायमचं रुतलं. पुढं अमरावतीला आपलं स्वतःचं विद्यापीठ झालं आणि पहिल्याच भरतीत दादा तिथं कारकून म्हणून लागला, तेव्हा तो मला म्हणाला होता, "नंदे, आता चार जिल्ह्याच्या पोराइचे कागद माह्या हातातून जाईन. एकालेही पायरीवर बसू नाही देत मी."

आणि खरोखरच त्यानं बसू दिलं नाही. बुलढाण्याकडून, यवतमाळकडून, कुठून कुठून पोरं यायची, एस.टी.चं तिकीट मुठीत धरून खिडकीशी उभी राहायची. परतीची गाडी किती वाजता आहे हे दादा आधी विचारायचा आणि मग त्या वेळेच्या हिशोबानं काम हातावेगळं करायचा. पाकिटात कागद घालण्याआधी त्यावरचं नाव मोठ्यानं वाचायची त्याला सवय होती. विभागातले लोक हसायचे, त्याला ‘आकाशवाणी’ म्हणायचे. मीसुद्धा एकदा चिडवलं, तर म्हणाला, "नाव वाचलं का मानूस दिसते वं. नाही तं नुसता नंबर राह्यते." त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं शाईनं कायम निळी असत. माझ्या लग्नातही तो विद्यापीठातून थेट अकोल्याला मांडवात आला होता, हात धुवायलाही सवड नव्हती. आमच्या फोटोंत सगळे नटूनथटून उभे आहेत आणि दादा माझ्यामागे निळ्या बोटांनी अक्षता... नव्हे, आमच्यात फुलंच, मूठभर फुलं धरून हसतो आहे. कितीतरी वर्षं मी त्या बोटांवरून त्याची टिंगल केली.

माझ्या लग्नानंतर बारा वर्षांनी केव्हातरी त्याच्या विभागात कॉम्प्युटर आले आणि जुनी लाकडी टेबलं बाहेर काढली. दादाच्या टेबलाचा खण पूर्ण ओढला तर त्याच्या मागच्या फटीत एक बंद पाकीट सापडलं. मेळघाटातल्या एका कॉलेजला जायचं होतं ते. निकाल लागला की पास झालेल्यांच्या नंबरांची यादी कॉलेजांना जायची, आणि ज्यांचा एखादा कागद कमी असेल त्यांचा निकाल रोखून ठेवल्याचं पत्र वेगळ्या पाकिटातून जायचं. हे तसलंच पत्र होतं. त्यात एकच नाव होतं, फुलवंती बेठेकर. बी.ए. झालेली, द्वितीय श्रेणी. शाळा सोडल्याचा दाखला तेवढा जोडायचा राहिला होता. पत्र पोचलं असतं तर आठ दिवसांत सगळं मिटलं असतं. ते पोचलंच नाही, आणि यादीत नंबर नाही म्हणजे नापास, एवढंच कुणालाही कळणार! दादानं त्या काळचं जावक रजिस्टर काढून पाहिलं. तिथं पाकीट रवाना झाल्याची नोंद होती, त्याच्याच अक्षरात. त्यानं नोंद आधी करून टाकली होती आणि पाकीट खणात ठेवलं होतं. मधे काही दिवस सुटीवर होता; परत आल्यावर रजिस्टर पाहिलं असेल, पाकीट गेलं असं समजला असेल. कारकुनालाच जमेल अशी चूक... कागदावर झालं म्हणजे झालं.

त्यानं हे कुणाला सांगितलं नसतं तर जगात कुणाला कळलं नसतं. दादानं मात्र स्वतःहून साहेबांना लिहून दिलं, मेमो घेतला, वेतनवाढ थांबली ती मुकाट सोसली. कुठल्याशा आश्रमशाळेतून दाखला मिळवला, टेबलाटेबलावरून फाइल स्वतः नेली आणि त्या बाईची पदवी तयार करून घेतली. ती पोस्टानं पाठवायला तो तयार नव्हता. मला म्हणाला, "तू चाल माह्यासंगं. बाईमानसाशी तुले बोलता येईन." मी अकोल्याला शाळेत शिकवत होते, दोन दिवस रजा काढली.

परतवाडा सोडून गाडी घाटाला लागली आणि मी त्याला बोलायला सुरुवात केली. माझी जीभ तिखट आहे हे मला माहीत आहे, वर्षानुवर्षं मुलांना ओरडून ती तशी झाली म्हणा किंवा आधीपासूनच तशी म्हणा. "असा कसा विसरला रे तू? एवढी कायची घाई होती त्या दिवशी?" सेमाडोह येईपर्यंत मी हेच निरनिराळ्या तऱ्हेनं विचारत होते. एका आदिवासी पोरीच्या आयुष्याची माती केलीस, असंही म्हणाले. दादा खिडकीबाहेर सागाची झाडं बघत राहिला. शेवटी एवढंच बोलला, "राहून गेलं वं नंदे माह्याकून." पदवीची नळकांडी त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

धारणीहून जीपनं आम्ही त्या गावात गेलो. फुलवंती एका आश्रमशाळेत स्वयंपाकीण होती. तिच्याच वयाच्या, तिच्याइतक्याच शिकलेल्या बाया तिथं वर्गात शिकवत होत्या आणि ही चुलीपुढं पोळ्या लाटत होती. दादानं आपण कोण, कुठून आलो ते सांगितलं. ती म्हणाली, "पन साहेब, मी तं नापास आहो."

"नाही बाई," दादा म्हणाला. "तुमी पास होत्या. तवाच पास होत्या. पत्र माह्याजवळ राहून गेलं."

तिनं पिठाचे हात पदराला पुसले आणि पदवी घेतली. मला वाटलं आता ही दादाला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माह्या बापानं पेटी डोक्यावर घेऊन मले कॉलेजाच्या होस्टेलात नेलं होतं. मंग मी नापास झाली म्हनून दोन महिने बोलला नाही माह्याशी. आता मरून गेला तो. त्याले कोन सांगन, साहेब?"

तिनं पदवी त्याच्यापुढं धरली. "एकडाव वाचून दाखवा. मोठ्यानं वाचा." दादानं वाचली. नाव, विषय, श्रेणी, सगळं. मधेच तो अडखळला, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्या स्वयंपाकघरात आम्ही तिघंच होतो. तिनं आम्हाला चहा दिला आणि परत पोळ्या लाटायला बसली.

त्यानंतर दादा नोकरी संपेपर्यंत हाताखालच्या प्रत्येक नव्या माणसाला एकच धडा देत राहिला, "आधी पाकीट, मंग नोंद." फुलवंतीला तो नोकऱ्यांच्या जाहिराती कापून पाठवायचा. एकीचाही उपयोग झाला नाही. निवृत्तीनंतर दरवर्षी निकालाच्या दिवसांत तो विद्यापीठात चक्कर मारून यायचा. अलीकडे तिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. बऱ्याच खुर्च्या रिकाम्या, उरलेली पोरं कंत्राटावर, आणि लांबून आलेल्या मुलांना खिडकीतून सांगितलं जातं की वेबसाइटवर बघा. मागच्या वर्षी माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "नंदे, पोट्टे पायऱ्याइवर बसून राह्यले वं." बापाची आठवण काढली नाही त्यानं, पण मला कळलं. इतक्या वर्षांच्या विद्यापीठाकडून एवढंच पदरात पडलं का, असं मी विचारलं. तो चिडला. "एक लाख पोट्टे शिकले ना या विद्यापीठामुळं! तू शिकली!" त्याला आपल्या विद्यापीठाला बोललेलं खपत नसे. बोलायचंच असेल तर त्याला स्वतःला बोलावं.

दादा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अमरावतीला गेले. सगळे उठून गेल्यावर त्याच्या खोलीत बसले. खिडकीशी त्याचं टेबल, त्यावर काच. काचेखाली नातवंडांचे फोटो, एस.टी.चं जुनं वेळापत्रक आणि एक पालथं ठेवलेलं खाकी पाकीट. ते मी कितीदा पाहिलं असेल, टीपकागद असेल असं समजत आले. वहिनी म्हणाली, "त्याले त्याईनं कधी कोनाले हात लावू नाही देल्ला." मी काच उचलली, पाकीट सुलटं केलं. मेळघाटातला पत्ता, खाली जावक क्रमांक, आणि त्यापुढं त्याच्या निळ्या शाईत तारीख.

ती माझ्या लग्नाची तारीख होती.

मेळघाटच्या गाडीत तासन् तास मी त्याला विचारत होते, कसली घाई होती, आणि तो झाडं बघत होता... त्या दिवशी अकोल्याची दुपारची गाडी गाठायची होती त्याला. मांडवात भंतेजी येऊन बसले होते, पाहुणे घड्याळ बघत होते, आणि मी नवरीपण विसरून सगळ्यांना बजावत होते की दादा येईपर्यंत वंदना सुरू करायची नाही.