आधी मी आपटतो

दिवसाढवळ्या, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने खांबावर सायकल घालणारा माणूस आमच्या वर्धा जिल्ह्यात एकच असावा, आणि ते माझे मोठे बाबा आहेत. मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. उभा जन्म त्यांनी आर्वीच्या डेपोत एसटी चालवण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर त्यांनी सायकल घेतली खरी, पण चालवत राहिले एसटीच. वळण असो वा नसो, उजवा हात खांद्यापर्यंत उचलून इशारा द्यायचा. गावच्या थांब्यावर चिटपाखरू नसले तरी सायकल कडेला घेऊन थांबायचे, मान वळवून रिकाम्या कॅरिअरवर नजर टाकायची आणि मग घंटी दोनदा वाजवून निघायचे. कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेले. एकदा त्यांच्या कॅरिअरवर मी बसले होते आणि माझा पेपर होता. थांब्यावर सायकल थांबली ती थांबलीच. "मोठे बाबा, चला ना, उशीर होऊन राह्यला," मी म्हटले. ते समोर बघत म्हणाले, "आज मांगं मानूस बसलं हाय. डबल त्यानं द्यावं." शेवटी मी तोंडाने 'टिंग टिंग' म्हटले, तेव्हा सायकल हलली.

त्यांच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढणे कोणालाच जमलेले नाही. त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी आई, म्हणते, "याह्यच्या डोक्याले बिरेकच नाई, नुसता एक्सलेटर हाय." एकदा अंगणातल्या सीताफळाला पाणी कमी पडते असे वाटले म्हणून त्यांनी न्हाणीच्या सांडपाण्याचे तोंडच तिकडे फिरवले होते, आणि आठवडाभर सगळे घर झाडाच्या सोयीने आंघोळ करत होते. असा हा माणूस माझ्या कॉलेजच्या रस्त्यात कसा शिरला, ते मला सांगायचे आहे. मला नीट जमेल की नाही माहीत नाही, पण सांगते.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. गावातून देवळीपर्यंत सायकल आणि तिथून वर्ध्याची बस, असा माझा रोजचा प्रवास. कापसाच्या हंगामात या रस्त्याने ट्रॉल्या चालतात. कापसाची ट्रॉली खाली चाकांपुरती असते आणि वर, ताडपत्री दोरांनी कितीही आवळली तरी, दोन्ही अंगांनी फुगलेली असते. चाक आपल्यापासून लांब दिसते म्हणून आपण निर्धास्त असतो आणि तेवढ्यात ते पोट येऊन आपल्याला पुसून जाते. मला ते असेच पुसून गेले. मी सायकलसकट नालीत पडले. कोपर फुटले, कॅरिअर वाकले, आणि घरी आले तेव्हा म्हणे माझ्या केसांत कापूस अडकलेला होता. बाबा रागावले असते तर मला काहीतरी बोलता आले असते. पण तो कापूस पाहून ते पायरीवर खाली बसले. "पुरे झालं," ते म्हणाले. "घरूनच जमते तेवढं शिक. नाई जमलं तं राहू दे." खरे सांगायचे तर त्या रस्त्याची भीती मलाही बसली होती.

मोठे बाबा बाजूला बसून बशीतला चहा पीत होते. म्हणाले, "रस्ता चालू राहीन, ट्रॉली चालू राहीन, आन् पोरीचंच कालेज काऊन बंद?"

"दादा, थे ट्रॉलीवाले तुमच्या बापाचं तरी ऐकतीन काय?"

"माहा बाप तोच तुहा बाप हाय, त्याले मंधात आनू नको. संक्रांतीपर्यंत दे मले. मंग तू म्हनशीन तसं."

दुसऱ्याच दिवशी ते ग्रामपंचायतीत जाऊन बसले. थांब्यापासून कालव्याच्या पुलापर्यंत डांबराच्या कडेला मुरमाची रुंद पट्टी आहे. ती सपाट करून सायकलींसाठी वेगळी काढायची आणि मधे काहीतरी उभे करायचे, असा त्यांचा बेत. सरपंच हो म्हणेपर्यंत ते तिथून उठले नाहीत. प्रश्न उरला तो 'काहीतरी' म्हणजे काय याचा. त्यांचा नियम एकच होता: गाडीवाल्याला धाक वाटला पाहिजे, आणि सायकलवाले त्यावर पडले तर लागता कामा नये. "एसटीत गाडी सुटायच्या आधी बिरेक कोन पाह्यते? डायवर. तसं इथं आधी मी आपटतो. मले नाई लागलं तं पोरींले नाई लागनार."

आणि ते आपटू लागले. पहिल्यांदा अंगणात चुना लावलेले दगड ओळीने मांडले. ठेंगण्या दगडात सायकलचे पायडल अडकले आणि मोठे बाबा तुळशीवृंदावनाला जाऊन भेटले. दगड फेल. मग रंगाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट ओतून मधे लोखंडी पाइप उभे केले. हे दिसायला फार रुबाबदार होते. मोठ्या बाबांनी अंगणाच्या टोकापासून वेग घेतला, इशाऱ्याचा हात दिला आणि पाइपवर गेले. पाइप जागचा हलला नाही. पुढच्या चाकाची मात्र जिलेबी झाली. मोठी आई हळदीची वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "नातवंडं खेळवायच्या वयात खांब खेळवून राह्यले!" ते जमिनीवर पडल्या पडल्याच म्हणाले, "धाक बरोबर हाय. मार जास्त हाय."

मार कमी कसा करायचा, याचे उत्तर त्यांना आर्वीच्या एका जुन्या पंक्चरवाल्या दोस्ताच्या दुकानात सापडले. ट्रकच्या टाकाऊ टायरच्या कमरेएवढ्या उंच पट्ट्या कापायच्या, बूड सिमेंटमध्ये गाडायचे आणि वर पांढरे पट्टे मारायचे. पहिली पट्टी अंगणात गाडून सिमेंट वाळले, तेव्हा मोठे बाबा तिच्यावर गेले. पट्टी वाकली, सायकल तिच्यावरून घसरून निघाली, आणि पट्टी पुन्हा 'सावधान' केल्यासारखी उभी राहिली. मोठे बाबा परत फिरले आणि पुन्हा गेले. मग पुन्हा. मोठ्या आईने जेवायला बोलावले तरी ते आपटतच होते, लहान मूल झोक्यावरून उतरत नाही तसे.

तरी या पट्ट्यांचे खांब रस्त्याकडेला गाडताना चुका व्हायच्या राहिल्या नाहीत. वाटेच्या तोंडाशी दोन खांबांत किती जागा ठेवायची, ते त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने मोजले, माझ्या सायकलचे हँडल मधे धरून. माझी सायकल ऐटीत गेली. मागून आला दूधवाला, कॅरिअरच्या दोन्ही अंगांना कॅन लटकवलेला, आणि दोन पट्ट्यांच्या मधे बुचासारखा बसला. पट्ट्या पुढेमागे झुकत. आडव्या सरकायला तयार नव्हत्या. त्याच्या मागे बकऱ्या येऊन तुंबल्या. मोठे बाबा धावत गेले. मला वाटले सोडवायला.

"हालू नको बे! माप घेऊ दे!"

"काका, दूध नासून राह्यलं!"

"दूध नासलं तं दही लावजो. असं माप पुन्हा भेटत नाई."

दुपट्ट्याला नवी गाठ मारल्यावरच त्याची सुटका झाली. जागा वाढवली तर मोटरसायकली शिरू लागल्या. त्यावर खांबाचा इलाज नव्हता, म्हणून मोठे बाबा स्वतःच स्टूल टाकून तोंडाशी बसले. एखादा पोट्टा गाडी घालू लागला की ते थांब्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारत, "अबे, तुहा आजा माह्या गाडीत खिडकीतून उलट्या करत आर्वीले जाये. त्याचा नातू तू, पोरींच्या वाटेत गाडी घालतं काय?" पोट्टा गाडी वळवून निघून जाई.

मधे रस्त्याच्या खात्याचे एक साहेब आले. मोठ्या बाबांनी त्यांना चहा पाजला आणि सायकल पुढे केली, "एक बार आपटून पाहा." साहेब आपटले नाहीत, पण रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांनी बराच वेळ येणाऱ्या गाड्या पाहिल्या. मग म्हणाले की पहिला खांब असा अचानक समोर येऊ नये, त्याच्या आधी डांबरावर तिरपी पांढरी पट्टी हवी, आणि अंधारात चमकणारी चिकटपट्टी हवी. मोठ्या बाबांनी दोन्ही गोष्टी केल्या. संध्याकाळी घरी म्हणाले, "साहेब मानूस असून बरोबर बोलते." सायकलींची वाट खांबांपासून चांगली आत घ्यायची, हे मात्र त्यांचे स्वतःचे. "चाक कुठं हाय ते नको पाहू. पोट कुठं हाय ते पाह्य."

संक्रांत आली. तोवर मी घरीच होते. सणाच्या सकाळी मोठ्या बाबांनी त्यांना थांब्यावर बोलावले. लोक जमलेलेच होते. मोठ्या बाबांनी माझी सायकल बाबांच्या हातात दिली. "आपट."

"दादा, लोकं पाहून राह्यले."

"म्हनूनच. बस."

आमच्याकडे धाकटा भाऊ थोरल्याला मनातल्या मनात नाही म्हणू शकतो, तोंडावर नाही. बाबा लेडीज सायकलवर बसले, धोतर सावरले, डोळे मिटले आणि गेले. पट्टी वाकली, बाबा कलंडले, मुरमावर बसकण मारली, आणि पट्टी त्यांच्या डोळ्यांसमोर सरळ झाली. नेमकी तेव्हाच एक कापसाची ट्रॉली आली. खांब दिसताच ती डांबराच्या मध्याकडे सरकली. तिचे पोट खांबांवरून पुढे आले आणि बाबा बसले होते तिथून हातभर अलीकडूनच निघून गेले. बाबा बराच वेळ त्या रिकाम्या हातभर जागेकडे पाहत राहिले. मग धोतर झटकून उठले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे मला पंपाचा आवाज ऐकू आला. बाबा माझ्या सायकलमध्ये हवा भरत होते.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. कालव्यापासून पुढे देवळीपर्यंत यंदा खात्याने स्वतःचे पिवळे, वाकणारे खांब लावले. ते लागले त्या सकाळी मोठे बाबा काठी टेकत पुलापर्यंत आले होते. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी त्यांची सायकल बंद केली आहे. ती सीताफळाखाली उभी असते आणि मोठी आई तिच्यावर गोधड्या वाळत घालते. अकरावीच्या पोरी सायकली धरून थांबल्या होत्या. त्यांना कोणी थांबवले नव्हते, पण मोठ्या बाबांनी आपटल्याशिवाय नव्या खांबांजवळून जायचे नाही, हे गावात ठरल्यासारखेच आहे.

मोठ्या बाबांनी पिवळ्या खांबावरून हात फिरवला, आपल्या गुडघ्याकडे पाहिले, आणि मग माझ्याकडे. "तू जाजो," म्हणाले.

मी पुलावरून वेग घेतला. डोळे मिटायचे नाहीत असे ठरवले होते, तरी मिटले. खांब वाकला, मी मुरमावर टेकले, आणि मागे वळून पाहिले तर तो पुन्हा उभा.

"लागलं काय?"

"नाई लागलं, मोठे बाबा."

त्यांनी देवळीच्या दिशेने दूरवर पाहिले. नव्या खांबांची ओळ नजर पोचेल तिथपर्यंत गेली होती.

"मंग दे डबल."

मी सायकल उचलली आणि घंटी दोनदा वाजवली. पोरी एकामागून एक निघाल्या. पुढे वळण नव्हते. तरी मोठ्या बाबांनी काठीवरचा उजवा हात खांद्यापर्यंत उचलला, आणि शेवटची पोर दिसेनाशी होईपर्यंत तो खाली घेतला नाही.