बाजारामागच्या वडावरची वटवाघळं

भाऊ, तुला आठवत असेल. तलासरीच्या रस्त्यावर एसटी थांबली आणि आईनं माझ्या हातात भाकऱ्यांचं फडकं कोंबलं. "वरचेवर ये गं, डहाणू काही परदेश नाही," म्हणाली. चारोटीला गाडी बदलेपर्यंत माझे डोळे वाहत होते. साठ साल उजाडायचं होतं.

हे रेल्वेत बुकिंग क्लार्क. दोन खोल्यांचं क्वार्टर, वाळत घातलेल्या कपड्यांवर इंजिनाची काजळी, वारा फिरला की सुक्या मासळीचा वास. दिवसभर काम करूनही दिवस संपायचा नाही. बोलायला कुणी नाही, आणि बाजारात निम्मं गुजराती.

शेजारच्या कुसुमताई शाळेत शिकवायच्या. मुंबईच्या काही निसर्गप्रेमींनी वर्तमानपत्रात आवाहन केलं होतं, आपल्या गावात दिसणारे प्राणी-पक्षी पाहून आम्हाला कळवा. ताई म्हणाल्या, "चल, तेवढीच बाहेर पडशील." मग दिवेलागणीला आम्ही बाजारामागच्या वडाखाली उभ्या राहू लागलो. वर शेकडो वटवाघळं. ती उडाली की मोजायची आणि कार्डावर लिहून मुंबईला कळवायचं. लोक हसायचे.

एका उन्हाळ्यात सरावलीच्या बागायतदार शेटजींनी वाघळं मारायला बंदूक आणायचं ठरवलं. आम्ही त्यांच्याकडे गेलो. "बेन, वाघळं तुमची, पण चिकू माझे," ते म्हणाले.

"पिल्लं अजून आयांच्या पोटाला चिकटलीत, शेटजी. ती उडेपर्यंत तरी थांबा," मी म्हटलं.

ते म्हणाले, "उडेपर्यंत. पुढे नाही."

त्याच आठवड्यात बाबा मला न्यायला आले. मी म्हटलं, "आत्ता नको. मी इथं नसले तर शेटजी शब्द पाळतील कशावरून?" बाबा पाणीही न पिता परत गेले. आपल्या लेकीनं वाघळांसाठी माहेर नाकारलं, हे त्यांना फार लागलं.

शेटजींनी शब्द पाळला. बंदूक आणलीच नाही. पिल्लं उडाली आणि मग त्यांनी वडाखाली फटाके लावले. थोड्याच दिवसांत झाड ओकं झालं. मी मुंबईला तसं कळवलं. उत्तर आलं, 'झाड रिकामं असलं तरी कळवत राहा.' मी इतकी थकले होते की ते वाचून रडूही आलं नाही. पण संध्याकाळी पाय तिकडेच वळले.

दिवाळीत माहेरी आले. रात्री जेवताना बाबा हळूच म्हणाले, "गेली का गं तुझी वाघळं?" मी मान हलवली. सकाळी परसातल्या शेवग्यावर एक पक्षी ओरडत होता. मला ओळखता येईना. "हा कधीपासून येतो?" मी आईला विचारलं.

"दोन वर्षं झाली की," ती म्हणाली.

डहाणूत असं काही मला कुणाला विचारावं लागत नाही. माझं घर आता तिथं गेलंय, हे मला त्या सकाळी कळलं, भाऊ. आणि ते तुम्हाला सांगायचं बळ मात्र आजवर आलं नाही.