तुऱ्याचं कार्ड

सणसरहून निघालो त्या सकाळी आईनं देवावरचं कण्हेरीचं फूल माझ्या शर्टाच्या खिशात घातलं. "पोचूस्तवर काढू नगं," म्हणाली. आबा गाडीच्या टपावर बॅग बांधत होते. बांधायचे, सोडायचे, परत बांधायचे. मनीषाच्या खांद्यावर आमची स्वरा झोपली होती, दोन वर्षांची. तिला उठवू नका, असं मीच म्हणालो. उठली असती तर माझा पाय निघाला नसता.

विमानतळावर खिसा रिकामा करायला लावला. ट्रेमध्ये ते फूल ठेवलं. हे चालतं का? परत पाठवतील का? त्या साहेबानं फुलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि ट्रे पुढं सरकवला. त्याचे उपकार मी अजून मानतो.

शाळा आठवीत सोडली, जळोचीत वेल्डिंग शिकलो, आणि तेवढ्यावर इथं टांझानियात साखर कारखान्यात लागलो. एवढ्याशा शिक्षणावर कुणी एवढ्या लांब बोलावलं याचं नवल वाटतं, आणि धास्तीही, की चूक झाली म्हणून उद्या परत पाठवतील. इथं शेताला शांबा म्हणतात, उसाला मुवा. मळीचा वास मात्र तोच.

तुमच्यातले जे माझ्यासारखे निघालेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. व्हिडिओ कॉलवर मनीषा म्हणायची, "पप्पा हायत, बोल की." स्वरा फोन शेळीपुढं धरायची आणि पळून जायची. हसू नका, पण कितीतरी रविवार मी शेळीशीच बोललो. मध्ये एकदा सुट्टीला गेलो, तर पोरगी आजीच्या पदराआडून बघत राहिली. ही मला ओळखणारच नाही का, ही काळजी घेऊन परत आलो.

आईचं फूल वाळून डबीत पडलं होतं. एक दिवस मोबाईलवर त्याचा फोटो काढला, बाजारातल्या स्टुडिओत छापला, जाड कागदावर चिकटवला आणि खाली लिहिलं, 'आजीनं दिलेलं. याचा अर्थ, नीट पोच.' सुट्टीवर निघालेल्या एकाच्या हाती ते स्वराला धाडलं. मग नादच लागला. झेंडू दिसला की दसरा, जास्वंद दिसली की गणपती. फाटकाजवळ जांभळ्या फुलांचं झाड आहे, त्याचा अर्थ कुणाला विचारावा? बरोबरच्या जुमाला विचारलं. तो म्हणाला, हे फुललं की पाऊस येतो. तसंच लिहून टाकलं. माझ्या खोलीत आमच्याच भागातले, लासुर्ण्याचे तात्या राहतात, कारखान्यात साखर शिजवतात. म्हणायचे, "वेल्डर हायस का फुलारी रं?"

स्वरा पहिलीत गेली, त्या दिवाळीला तात्या गावी निघाले, तेव्हा त्यांच्याकडं सगळ्यात देखणं कार्ड दिलं. उसाचा तुरा. तिरप्या उन्हात शांबाभर चांदी पसरल्यागत दिसत होती. वर 'शुभ दिवाळी' लिहिलं.

कार्ड पोचलं आणि आबांचा फोन आला. "हितं उसाच्या फडात तुरा आलाय. कारखान्याची तोड अजून लागंना. आन तू त्योच छापून शुभ दिवाळी म्हणतोस व्हय?"

तुरा आला की ऊस वाढायचा थांबतो, आतून कापसागत पोकळ होतो, वजन घटतं. आमच्याकडं त्या फुलाला कुणी फूल म्हणत नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी इथं मला ते नुसतं फूल दिसलं. इथला ऊस माझा नाही, म्हणून असेल. त्या दिवशी वेल्डिंगचा एकही टाका सरळ आला नाही.

दुसऱ्या दिवशी परत आबांचा नंबर. भीत भीत उचलला, तर स्वरा.

"पप्पा, आबा का चिडलं म्हून इचारलं, तर त्यांनी फडात नेऊन ऊस मोडून दावला. आत भुसा हाय. तुमच्या तितला बी पोकळ झालाय का?"

पोरीनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"बघून सांगतो."

"आत्ता बघा."

तोडायचा राहिलेला एक तुकडा कारखान्यामागं होता. राखणदाराला विचारून तुऱ्याचा एक ऊस मोडला. शेंडा कापसासारखा, बुडाची कांडी रसाची. दोन्हीचे फोटो धाडले. लगेच फोन.

"खालचा खाल्ला का?"

"खाल्ला."

"आपल्यासारखा गोड हाय?"

मी परत एकदा चावून बघितलं. "जरा कमी हाय."

"आबा!" ती तिकडं ओरडली, "आपलाच गोड हाय!" आणि मागं आबा हसलेले मला ऐकू आले.

तात्या परत आले ते लोणचं, चटण्या आणि एक कार्ड घेऊन. डाळिंबाचं लालभडक फूल, वाकडं चिकटवलेलं. फोटोच्या कोपऱ्यात स्वराचा अंगठा आलाय. खाली पहिलीतलं मोठं मोठं अक्षर, 'याचा अर्थ तुमी सांगा.'

कार्ड पलंगाशी लावलंय. पूर्वी घर म्हटलं की मला सणसरचं दार दिसायचं, आता हा अंगठा दिसतो. डाळिंबाच्या फुलाचा अर्थ काय, मला माहीत नाही. आबांना विचारलं तर ते सांगतील, आईही सांगेल. पण पोरीनं विचारलंय मला.