पाहुण्यांची वही

गगनबावड्याकडच्या एका वाडीतून मी कोल्हापुरात शिकायला आलो, ते सत्तरच्या दशकातलं माझं कॉलेजचं पहिलं वर्ष. राहायला आमच्या बोर्डिंगात. एका खोलीत चौघं, एक खिडकी आणि सकाळी नळावर रांग. पहिले दोन महिने मला घरची इतकी आठवण यायची, की संध्याकाळी खोलीत बसवायचंच नाही. मग मी स्वयंपाकघरात जाऊन आचारीमामांच्या चुलीपाशी बसायचो. मामा काही विचारायचे नाहीत. गरम भाकरीचा पापुद्रा हातावर ठेवायचे, बस्स.

जानेवारीत बोर्डिंगचा मेळाव्याचा आठवडा असायचा. जुनी मुलं गावोगावहून परत यायची. जुनी मुलं म्हणजे चाळिशी-पन्नाशीचे बाप्ये. कुणी मामलेदार, कुणी वकील, कुणी साखर कारखान्यात केमिस्ट. आठवडाभर आम्ही भिंतींना चुना मारला, पताका लावल्या, नाटकाच्या तालमी केल्या. शनिवारी दुपारी जुने विरुद्ध नवे असा फुटबॉलचा सामना आणि त्याआधी मोठं जेवण.

माझं अक्षर बरं, म्हणून सेक्रेटरीनं मला फाटकाशी टेबल टाकून बसवलं. सेक्रेटरी म्हणजे शेवटच्या वर्षाचा एक मुलगा. इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि आमच्याशी साहेबासारखा बोलायचा. त्यानं माझ्या खिशाला बिल्ला लावला आणि दोन वह्या दिल्या. "ही माजी विद्यार्थ्यांची, म्हणजे पदवी घेऊन गेलेल्यांची. नाव, वर्ष, पदवी, हुद्दा. ही दुसरी पाहुण्यांची. घोळ करू नकोस."

आयुष्यात पहिल्यांदाच मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो होतो. मोठमोठी माणसं माझ्यासमोर वाकून सही करत होती. ते डोक्यात गेलं, खोटं कशाला सांगू.

अकराच्या सुमाराला एक गृहस्थ आले. पायजमा, पांढरा सदरा, डोक्याला टोपी, खांद्यावर गुळाची ढेप बांधलेलं पोतं. शिरोळहून एस.टी.नं आले होते. त्यांनी नाव सांगितलं. मी लिहिलं.

"पदवी?" मी विचारलं.

"पदवी न्हाय. दोन वर्षं हुतो हितं. मग वडील गेलं."

मी पेन थांबवलं. सेक्रेटरी मागेच उभा होता. त्यानं नुसती मान हलवली. मी लिहिलेलं नाव खोडलं, दुसरी वही पुढं ओढली आणि म्हणालो, "मग पाहुण्यांत लिहा. ही वही पदवीधरांची आहे."

ते चिडले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाले. सही मात्र केली नाही. पोतं पुन्हा खांद्यावर घेतलं आणि मांडवाकडं न जाता स्वयंपाकघराच्या बाजूला वळले.

पाच मिनिटांत आचारीमामा हातात डाव घेऊन फाटकाशी आले. सगळ्यांदेखत माझ्यासमोर उभे राहिले.

"कुणाला पावणं म्हणलास रं तू?"

मी उठून उभा राहिलो.

"दोन वर्षं ह्यो माझ्या चुलीपाशी बसून रडायचा. तू बसतोस तसाच! धाकट्या दोघा भावांसाठी शाळा सोडली त्यानं. दोघंबी शिकली, नोकरीला लागली. आन त्योच पावणा व्हय?"

सेक्रेटरी म्हणाला, "मामा, नियम आहे."

"तुझा नियम ताटात वाढून घे मग," असं म्हणून मामा गेले.

बिल्ला काढून मी टेबलावर ठेवला आणि माजी विद्यार्थ्यांची वही घेऊन त्यांच्या मागं धावलो. सेक्रेटरी हाका मारत होता. ते गृहस्थ स्वयंपाकघरात पाटावर बसून लसूण सोलत होते. मी वही पुढं केली. "माझं चुकलं. इथं लिहा."

"ऱ्हाऊ दे की आता. हात लसणाचं हायत."

"तरी लिहा."

त्यांनी सदऱ्याला हात पुसले. नाव लिहिलं, माझ्यापेक्षा सुरेख अक्षरात. पदवीच्या रकान्यात लिहिलं, 'दोन वर्षे'. हुद्द्यापुढं, 'ऊस, सहा एकर'. मग स्वतःच हसले आणि वहीला लसणाचा वास लागला म्हणून मलाच म्हणाले, "उन्हात धर जरा."

दुपारी सामन्याला जुन्यांच्यात एक गडी कमी पडला. आमच्या जिल्ह्यातले एक मामलेदार कडेला बूट बांधत होते. त्यांनी सहज मान वर केली, समोर शिरोळचे गृहस्थ दिसले, आणि ते एकदम ओरडले, "अरे, हा आलाय आणि मला कुणी सांगितलं नाही?" दोघं एका खोलीत राहिलेले. मामलेदारांनी त्यांना हाताला धरून मैदानात ओढलं. टोपी माझ्याकडं आली. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, अनवाणीच, ते डाव्या बाजूनं धावायला लागले. पहिली दहा मिनिटं आमच्या पोरांना ते सापडेनात. कडेला उभे असलेले म्हातारे "मार की! मार की!" म्हणून बोंबलत होते. शेवटी त्यांनी मारला तो चेंडू गोलच्या बारावरून थेट रस्त्यावर गेला, आणि ते तिथंच मातीत बसले, धापा टाकत, हसत. जुने तीन गोलांनी हरले.

संध्याकाळी रिकामं पोतं घेऊन मी त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत गेलो. वाटेत पुन्हा माफी मागायला लागलो, तर म्हणाले, "त्या टेबलाशी मला बसवलं असतं तर मीबी तसंच केलं असतं. त्यात काय एवढं." मग विचारलं, "घरची याद येती का अजून?"

"येते."

"येऊ दे. पर वर्ष सोडू नको."

ऊस गळिताच्या ऐन हंगामात दोन दिवस राहायला ये, असं सांगून ते गाडीत चढले.

पुढच्या हंगामात मी खरंच गेलो. त्यांच्या घरच्यांनी मला आठवडाभर हलू दिलं नाही. त्यांनी स्वतः मला ट्रॅक्टरवर बसवलं, गियर दाखवला, आणि मी ट्रॅक्टर थेट पाण्याच्या पाटात घातला. बाहेर काढायला चार माणसं लागली. ते बांधावर उभे राहून हसत होते आणि बायकोला सांगत होते, "आमच्या बोर्डिंगातला हाय. पयल्यांदा हर गडी असाच चुकतोय."