नव्या हँडलातल्या तारा

सोलापुरात बाळीवेशीजवळ गुरुलिंगप्पा राहायचा. भजनाच्या पेट्या दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. पेटी एस.टी.च्या टपावर टाकून शहरात आणली की होती त्यापेक्षा जास्त मोडायची, म्हणून तो स्वतःच फटफटीवरून गावोगाव जायचा. सांगोल्यापासून भीमाकाठापर्यंत कुठल्या देवळातल्या पेटीचा कोणता सूर बसका आहे, हे त्याला तोंडपाठ होतं.

शहात्तर साली दिवाळीनंतर मोडनिंबहून परतताना, ऐन तिन्हीसांजेला, गाडीचा दिवा अचानक गेला. हँडलाला बाहेरून बांधलेली तार घासून घासून तुटली होती. गाडी रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगावर गेली. हँडल पार मुडपलं आणि गुरुलिंगप्पाचा उजवा हात कोपरात मोडला. हाड जुळलं, पण कोपर काही सरळ होईना. पेटीचं काम त्याला जमत होतं, गाडीच्या हँडलापर्यंत मात्र हात पोचत नव्हता.

गाडी अंगणात गोणपाटाखाली पडून राहिली. गुरुलिंगप्पाचं बोलणं कमी झालं. गाडी विकून टाकू, असं तो बायकोला, शिवबाईला, अधूनमधून सांगायचा. ती घरीच मागासाठी रहाटावर सुताच्या कांड्या भरायची. हा विषय निघाला की तिचा रहाट आणखी जोरात फिरायचा.

मग एक दिवस भीमाकाठचा कोंडीबा दारात आला. त्यांचं गाव उजनी धरणाच्या पाण्यात जाणार होतं. माणसं वर माळावरच्या नव्या गावठाणात राहायला गेली होती आणि सामान हलवताना भजनी मंडळाची पेटी बैलगाडीतून पडली होती. नव्या जागेत अजून एकदाही भजन झालं नव्हतं, म्हातारी माणसं तिथं रमत नव्हती. गुरुलिंगप्पाचा हात पाहून कोंडीबा ओशाळला. चहा पिऊन, आता दुसरं कुणी मिळतंय का बघतो, म्हणत उठला.

"दुसरं कुनी बगू नका," शिवबाई आतून म्हणाली. "आमी येतो."

कोंडीबा गेल्यावर गुरुलिंगप्पा चिडला. कशावर बसून जाणार, असं त्याने विचारलं.

"तुमचा हात हँडलापतूर जाईना, तर हँडल हातापतूर आनायचं की," ती म्हणाली. "त्यात काय एवढं?"

दुसऱ्या दिवशी ती मडिवाळप्पाला घेऊन आली. तो नळ्या वाकवून खुर्च्या आणि पाळणे करायचा. त्याने गुरुलिंगप्पाला गाडीवर बसवलं, सुतळीने अंतर मोजलं आणि दोन्ही टोकं पार पोटाजवळ येतील असं उंच हँडल करून आणलं. क्लच-ब्रेकच्या लांब केबल बाजारात मिळाल्या. राहिल्या दिव्याच्या आणि हॉर्नच्या तारा. त्या नळीच्या आतूनच जातील, बाहेर एकही दिसणार नाही, असं गुरुलिंगप्पाने निक्षून सांगितलं. आणि ते काम तो दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला तयार नव्हता.

डाव्या मुठीजवळच्या भोकातून तारा आत शिरायच्या होत्या आणि मधल्या भोकातून दिव्याकडे निघायच्या होत्या. जुन्या तारा आखूड पडल्या, म्हणून त्याने त्यांना तुकडे जोडले. पहिल्याच वळणावर तारा अडकल्या. ओढल्या तर जोड आतच सुटला. हँडल उभं करून ठोकलं, तर भुरुभुरु वाळू पडली. वाकवताना नळी चेपू नये म्हणून मडिवाळप्पाने आत वाळू भरली होती, ती वळणात बसून राहिली होती. वाळू काढली तरी तारा पुढे जाईनात. आतल्या आत दुमडायच्या. गुरुलिंगप्पाने पक्कड खाली टाकली आणि तो पायरीवर जाऊन बसला.

 शिवबाईने कांडीचा दोरा घेतला, त्याच्या टोकाला कापसाचा बोळा बांधला आणि मुठीजवळच्या भोकातून आत सारला. हँडलाचं दुसरं टोक दाबून धरायला त्याला बोलावलं. भोकावर अंगठा ठेवून तिने डाव्या टोकाला तोंड लावलं आणि फुंकर मारली. बोळा हलला नाही. पुन्हा गाल फुगवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर तिने फुंकलं, तेव्हा मधल्या भोकाशी पांढरं काहीतरी दिसलं. गुरुलिंगप्पाने तिच्या केसांतल्या आकड्याने ते बाहेर ओढलं. तिचं लाल झालेलं तोंड बघून तो हसला. अपघातानंतर पहिल्यांदाच.

आता त्याने बिनजोडाच्या नव्या तारा आणल्या, दोऱ्याला बांधल्या, सरकाव्यात म्हणून वरून शंखजिऱ्याची पूड चोळली. तो ढकलायचा, ती ओढायची.

"हिसका देऊ नगस," तो सांगत होता. "मी देतो तेवढीच घे."

तारा निघाल्या. पण भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं तर ती धारदार लागली. याच कडेवर तार उद्या पुन्हा तुटेल, हे त्याला कळलं. त्याने सगळं परत बाहेर काढलं, दोन्ही भोकं कानशीने घासली, सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर त्यांत बसवलं आणि दोघांनी पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी हॉर्नचं बटण दाबलं तर दिवा लागला. तारांची अदलाबदल झाली होती. ती नीट केल्यावर हॉर्न इतका खणखणीत वाजला की गल्लीतली माणसं दारात आली.

निघताना तो जरा थांबला. शिवबाई हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसली आणि म्हणाली, "चला, हळू गेलं तरी चालतंय." गल्लीच्या तोंडाशी पहिलं वळण आलं. हँडल हलकेच वळलं, कोपर दुखलं नाही. हमरस्त्याला लागेपर्यंत त्याचे खांदे सैल झाले होते.

नव्या गावठाणात पत्र्याची घरं होती आणि देवही पत्र्याखालीच होते. पेटीचा भाता फाटला होता, तीन सूर बोलत नव्हते. तो सूर लावत गेला, शिवबाई भाता हलवत राहिली. संध्याकाळी भजन सुरू झालं, तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्यांनी टाळ मागून घेतले.

त्यानंतर शिवबाई जवळपास प्रत्येक गावाला त्याच्याबरोबर जाऊ लागली. भाता हलवता हलवता तिचाही कान तयार झाला. पुढे पुढे एखादा सूर बरोबर लागलाय का, हे गुरुलिंगप्पा तिला विचारायचा, आणि ती मान हलवेपर्यंत पेटी बंद करायचा नाही.