शंकर मिस्त्री आणि ऑईलचा लाल दिवा

गॅरेजात दोन गोष्टी न बोलावता साठतात, काळं ऑईल आणि किस्से. काळं ऑईल लोक हक्कानं मागून नेतात. कुणाला बैलगाडीच्या चाकाला पाहिजे असतं, कुणाला गोठ्याच्या लाकडांना वाळवी लागू नये म्हणून. किस्से न्यायला मात्र कुणी डबा घेऊन येत नाही राव! माझ्याकडंच पडून राहिलेत. आता बसलाच आहात तर थोडे ओततो.

आमचं गॅरेज मंचरच्या बाहेर, हायवेला लागून. मी तिथला वायरमन, रमेश. हॉर्न, हेडलाईट, सेल्फ, सगळी दिवाबत्ती माझ्याकडं. इंजिनाचा मालक मात्र एकच, शंकर मिस्त्री. मूळचा मढचा, घरी भातशेती. पण ह्या माणसाचा जीव चिखलात कधी रमला नाही, ग्रीसमध्ये रमला. हात सोन्याचा आणि तोंड फटाक्याचं!

* * *

मिस्त्री इंजिन तपासायचा ते स्क्रूड्रायव्हरनं. टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले.

एकदा ओतूरचे एक डॉक्टर गाडी घेऊन आले. ते हे ध्यान बघून हसायलाच लागले. गळ्यातला स्टेथोस्कोप काढून म्हणाले, "मिस्त्री, हा घ्या. जरा शास्त्रशुद्ध बघा."

मिस्त्रीनं तो कानाला लावला. इंजिनावर चार ठिकाणी टेकवला. मग गंभीर तोंड करून डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"डॉक्टर, पेशंटचं बेअरिंग गेलंय. तीन दिवस गोळ्या देऊन बघू, का लगेच पोट फाडू?"

डॉक्टर एवढे हसले की खुर्ची मागावी लागली. आणि पोट फाडलं तर बेअरिंगच गेलेलं निघालं!

* * *

कांद्याच्या एका व्यापाऱ्याची गाडी दोरी बांधून ट्रॅक्टरमागं आली. इंजिन जाम, जागचं हलेना.

मिस्त्रीनं विचारलं, "शेठ, ऑईलचा लाल दिवा लागला व्हता का?"

"न्हाई ओ."

"आजिबात न्हाई?"

"लागंल कसा? लई डोळ्यात यायचा राव. म्हून बल्बच काढून टाकला!"

मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. त्यानं पाना खाली ठेवला की आम्ही सगळे दोन पावलं मागं सरकायचो. पण त्या दिवशी तो ओरडला नाही. त्यानं शेठला शेजारच्या गाडीत बसवलं आणि लहान पोराला शिकवावं तसं शिकवलं. "हे बघा. चावी फिरवली की ह्यो दिवा लागलाच पायजे. इंजिन चालू झालं की इझलाच पायजे. लागला न्हाई तर बल्ब मेला. इझला न्हाई तर इंजिन मरतंय. समाजलं?"

शेठ म्हणाले, "समाजलं. पर बल्ब जरा बारका बसवा."

* * *

मग आमच्याकडं मिलिंद गायकवाड आला आणि गॅरेजाचं नशीबच बदललं. मंचरमध्येच मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं त्याचं. वडील मास्तर, घर शिकलेलं, पोरगा शांत. पण स्टेअरिंगवर हात पडला की अंगात येत होतं! घाटात गाड्या पळवायच्या शर्यती असतात ना, त्यात तो उतरायचा. गाडी साधी, छोटीच. मिस्त्रीनं तिचं इंजिन असं बांधलं होतं की मिनिटाला सात हजारांच्या वर फेरे घ्यायचं. आवाज ऐकून म्हशी दावं तोडायच्या.

पहिल्याच शर्यतीत एका लांबलचक वळणावर इंजिन गेलं. एसटीडी बूथवरून मिलिंदचा फोन आला.

"मिस्त्री, दिवा लागला नव्हता ओ. नुसता डोळा मारला त्यानं. एकदाच."

"आरं बाबा," मिस्त्री फोनमध्ये ओरडला, "ह्यो दिवा डोळा मारतो तवा लग्न नसतंय, मयत असतंय!"

इंजिन उघडल्यावर कळलं. गाडी जोरात वळली की इंजिनाखालच्या चेंबरमधलं ऑईल सगळं एका अंगाला पळायचं. ऑईल ओढणारी जाळी मधोमध, ती कोरडी. ऑईलच्या जागी ती हवा ओढायची. बेअरिंगला एवढ्या वेगात पळभर जरी ऑईल मिळालं नाही, तरी खेळ खलास.

* * *

दुसऱ्या शर्यतीला मिस्त्रीनं उपाय काढला. ऑईल कमी पडतं काय? मग वाढा! ऑईल मोजायच्या पट्टीवरच्या खुणेच्या वर चांगलं दीड लिटर जास्त ओतलं. मी म्हटलं, "मिस्त्री, खूण कशाला दिलीय मग?"

"पावण्याला वाढताना हात आखडायचा नसतो, रम्या."

पाव्हण्याला झालं अजीर्ण! ऑईलची पातळी इतकी वर गेली की इंजिनाचा फिरता दांडा, क्रँक, तोच त्यात बुडाला. त्यानं सगळं ऑईल घुसळून काढलं. पंपानं फेस ओढला, बेअरिंगला फेस गेला आणि दुसरं इंजिनही गेलं.

गाडी टेम्पोतून परत आली तेव्हा मिस्त्रीची बायको हिराबाई डबा घेऊन आली होती. तिनं चेंबरमध्ये वाकून बघितलं. "आगं बया! ताक केलंय जणू!"

मिस्त्री भिंतीला टेकून खालीच बसला. ही चूक त्याची स्वतःची होती ना! मिलिंदनं उलट त्यालाच पाणी आणून दिलं, ते त्याला जास्त लागलं. पाने पुसत पुसत म्हणाला, "आता तिसरं इंजिन बांधतो. ते गेलं तर ह्या पान्यांची गाठ बांधून मिलिंदच्या हवाली करीन आन् मढला जाऊन भात लावीन."

हिराबाई म्हणाली, "भात लावाया येतंय का तुमाला?"

पण तो खरंच बोलत होता. शब्दाचा पक्का माणूस. मिस्त्रीशिवाय गॅरेज म्हणजे नुसतं पत्र्याचं शेड.

* * *

उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांना पाण्याचे टँकर चालायचे. पोपट नावाचा ड्रायव्हर गळका टँकर घेऊन आला. मिस्त्री वरच्या झाकणातून आत उतरला. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, आतून आवाज नाही. पोपट घाबरला. "आरं, गुदमारला का काय?"

तेवढ्यात झाकणातून डोकं बाहेर आलं. "पोपट, ह्या आत आडव्या भिंती कशाला रं?"

"मिस्त्री, त्या हायेत म्हून मी हाय! अर्धा टँकर घाटात वळला की पाणी एका अंगाला धावतंय. भिंती नसत्या तर मला घिऊन दरीत गेलं आसतं."

मिस्त्री तसाच ओरडला, "मिलिंदला बोलवा!"

तिसऱ्या इंजिनाचा चेंबर कापला, जाळीभोवती पत्र्याच्या चार भिंती उभ्या केल्या. पण भिंतींना भोकं ठेवली तर ऑईल निघून जायचं, नाही ठेवली तर आत यायचंच नाही. मिस्त्री दोन दिवस जेवला नाही धड. तिसऱ्या दिवशी हसत आला. मढला पावसाळ्यात ओढ्यावर मासे धरायला बांबूचा सापळा लावतात. मासा आत जातो, बाहेर येत नाही. तसंच दार पाहिजे! आतल्या अंगालाच उघडणारं. ऑईल जाळीकडं येईल, माघारी जायला लागलं की दार बंद.

एवढ्या बारक्या बिजागऱ्या कुठं मिळाल्या, ते आम्ही विचारलं नाही. संध्याकाळी हिराबाई गॅरेजात आली. हातात पितळी पानाचा डबा, झाकण वेगळं.

"माझ्या डब्याच्या बिजागऱ्या कुणी काढल्या?"

मिस्त्री गाडीखाली लपला.

तपासायची पद्धतही न्यारीच. चेंबरमध्ये खुणेइतकंच ऑईल ओतलं. एका बाजूनं मी धरला, दुसऱ्या बाजूनं मिस्त्रीनं, आणि अंगणात उभं राहून आम्ही तो डाव्या-उजव्या अंगाला झुलवत बसलो. दारं टकटक मिटत होती, ऑईल जाळीपाशीच राहत होतं. रस्त्यानं जाणारे एक पाव्हणे थांबले.

"मिस्त्री, पोरगं का पोरगी?"

* * *

आणि मग तिसरी शर्यत, पहिली झाली त्याच घाटात. मिस्त्री सगळ्यांच्या आधी वरती, शेवटच्या रेषेपाशी जाऊन उभा. खांद्यावर पान्यांचं गाठोडं, घट्ट बांधलेलं. मी म्हटलं, "हे कशाला आणलं?" तर म्हणाला, "दिलेला शब्द घरी ठिवून येत न्हाईत."

खालून आवाज सुरू झाला. मिस्त्रीनं डोळे मिटले. वळणामागून वळण, इंजिन किंचाळतंय. सगळ्यात लांब वळण आलं. तिथंच पहिलं इंजिन गेलं होतं. आवाज दबला, थांबल्यासारखा झाला, आणि गाडी डोंगराआडून भसकन वर आली! रेषा ओलांडली!

नंबर दुसरा. मिलिंद उडी मारून बाहेर आला, इंजिन चालूच. "मिस्त्री, दिवा लागलाच नाही! एकदासुद्धा नाही! डोळापण नाही मारला!"

मिस्त्रीच्या तोंडावरचं हसू उतरलं. "लागलाच न्हाई?" त्यानं माझ्याकडं बघितलं. "रम्या, बल्ब तपासला व्हतास का?"

खरं सांगतो, आदल्या दिवशी तपासला होता, पण त्या क्षणी मला स्वतःचं नाव आठवेना.

मिस्त्री गाडीत बसला. इंजिन बंद केलं. चावी पुन्हा अर्धी फिरवली.

काचेमागं लाल दिवा लख्ख पेटला.

मिस्त्री त्याच्याकडं बघतच राहिला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाहेर गर्दी जमली होती. त्यातला दुसऱ्या गाडीचा एक मेकॅनिक खिडकीतून वाकला, लाल दिवा बघितला, रडणारा मिस्त्री बघितला आणि हळहळून म्हणाला, "लई वाईट झालं राव. लागला का दिवा?"

मिस्त्रीनं खिडकीतूनच त्याला मिठी मारली.

"लागला भाऊ, लागला! रम्या, सोड ती पान्यांची गाठ!"